बस्त्याच्या दुकानात लेबले लावताना

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे आमचे कापडाचे दुकान आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी ते सुरू केले आणि ज्यांना घरात-बाजारात सगळे अण्णा म्हणतात त्या माझ्या सासऱ्यांनी ते वाढवले. बिले संगणकावर करायची ठरले तेव्हा वाणिज्य शाखेची पदवी असलेली घरातील एकटीच म्हणून मी दुकानात बसू लागले. तेव्हाचे दुकान मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते तसेच होते. अर्ध्या जागेत पांढरी चादर घातलेली गादी, गादीमागे छतापर्यंत गेलेले लाकडी कप्पे, त्यांत साड्यांचे गठ्ठे व कापडाचे तागे, आणि उरलेल्या कोपऱ्यात रेडिमेड कपड्यांची पुठ्ठ्याची खोकी. कोणता माल कुठे आहे हे अण्णांना आणि त्यांच्या तरुणपणापासून दुकानात असलेल्या चाचांना तोंडपाठ होते. त्यामुळे चाचा ईदच्या सुट्टीवर गेले की एक धोतरजोडी शोधायला आम्हाला शिडी लावून निम्मे दुकान उपसावे लागे.

किमतीचेही तसेच होते. प्रत्येक साडीच्या घडीत एक चिठ्ठी असे, तीवर विक्रीचा भाव लिहिलेला नसे, फक्त तीन-चार अक्षरे असत. जुन्या कापड व्यापाऱ्यांची ही रीतच आहे. एकही अक्षर पुन्हा येणार नाही असा दहा अक्षरांचा शब्द किंवा शब्दसमूह घ्यायचा, त्याचे एकेक अक्षर एक ते नऊ आणि शून्य या अंकांसाठी ठरवायचे आणि खरेदीची किंमत त्या अक्षरांत लिहून ठेवायची. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना विक्रेता चिठ्ठीवर नजर टाकतो, किती सोडता येईल याचा हिशेब मनात करतो आणि मग भाव बोलतो. आमच्या दुकानाचा शब्द अर्थातच मी इथे सांगणार नाही. ही पद्धत समोरासमोरच्या विक्रीसाठी अचूक होती, पण रेडिमेडची मागणी वाढली आणि कपडा हातात घेऊन, उलटून पाहून, किंमत वाचून मगच काही विचारणारी मुले-मुली येऊ लागली, तेव्हा ती अपुरी पडू लागली. ज्या कपड्यावर किंमत दिसत नाही तो ही मुले महाग समजतात आणि न विचारताच निघून जातात, हे मला गल्ल्याशेजारी बसून रोज दिसत होते.

मांडणी बदलण्यासाठी आम्ही २०२५ चा पितृपंधरवडा निवडला. महालक्ष्म्यांची खरेदी संपलेली असते, घटस्थापना यायची असते आणि मधल्या दिवसांत नवे कपडे घ्यायला सहसा कोणी धजत नाही, म्हणून कापड दुकानदाराला वर्षातली ही एकच सलग सवड मिळते. योगायोग असा की त्याच वर्षी ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले आणि ते लागू होण्याची तारीख २२ सप्टेंबर, म्हणजे नेमकी घटस्थापनाच, आली. त्याआधी एक हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के आणि त्यावरच्या किमतीला बारा टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे अठरा टक्के झाला. याचा लेबलांशी सरळ संबंध होता. अठराशेच्या कुर्त्याचा कर उतरणार होता आणि तीन हजारांच्या जाकीटाचा चढणार होता, म्हणून हजारावरच्या कपड्यांची लेबले छापायचे काम आम्ही शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवले. साड्यांना मात्र याची झळ नव्हती, कारण न शिवलेली साडी करासाठी कापडात मोडते आणि कापडाला कितीही किंमत असली तरी पाचच टक्के लागतात. एकाच लग्नासाठी एकाच गादीवर दाखवली जाणारी सहा हजारांची साडी आणि सहा हजारांचा शिवलेला घागरा यांच्या बिलात एवढा फरक का पडतो, हे आजही दर लगीनसराईत समजावून सांगावे लागते.

पहिले काम मोजणीचे होते. कप्पे एकेक करून रिकामे केले, प्रत्येक नग उघडून पाहिला, कापड, माप आणि खरेदीची किंमत वहीत लिहिली आणि मगच संगणकात भरली. तयार कपड्यांसाठी एचएसएन क्रमांकांची, म्हणजे करासाठी मालाच्या वर्गवारीला दिलेल्या क्रमांकांची, ६१ आणि ६२ ही दोन प्रकरणे आहेत. विणलेल्या, म्हणजे होजिअरीच्या कापडाचे कपडे ६१ मध्ये आणि मागावरच्या कापडाचे ६२ मध्ये. पुरुषांचा साधा शर्ट ६२०५, टी-शर्ट ६१०९. हे एकदा नीट भरले की पुन्हा पाहावे लागत नाही, पण पहिल्यांदा भरताना कापड बोटांनी ताणून पाहायची सवय लागते. त्या मोजणीत कप्प्यांच्या तळाशी अशा वस्तू निघाल्या की ज्यांचे गिऱ्हाईक आता फक्त खेड्यांतून येते: जाड सुती बंड्या, नेहरू शर्ट, बाळंतिणीच्या घरी न्यायच्या कुंच्या आणि टोपडी. त्या काढून टाकाव्यात असे मला वाटत होते. चाचा म्हणाले, “बाई, ह्या वस्तू मागणारा माणूस दुसऱ्या दुकानात जातच नाही. तो हितं येतो आणि मग घरच्यांचंही घेऊन जातो.” त्या वस्तू राहिल्या, आणि त्यांना दाराजवळचा खालचा कप्पा मिळाला.

खरा वाद मांडणी कशाच्या आधारे करायची यावर झाला. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दालनांत मी पाहिले होते त्याप्रमाणे माझा आराखडा सरळ होता: पुरुष, स्त्रिया, मुले असे तीन भाग, त्यांत कपड्याचा प्रकार, त्यात माप आणि मापात रंग. अण्णांनी तो कागद वाचला आणि विचारले की टॉवेल-टोपी कुठे ठेवणार. मी पुरुषांच्या भागात म्हणून सांगितले. त्यांचे म्हणणे असे होते की टॉवेल-टोपी कोणीही स्वतःला घालायला विकत घेत नाही. ती आहेराला लागते, आणि आहेर घ्यायला आलेल्या माणसाला तिच्या शेजारीच ब्लाऊजपीस, साधी साडी, उपरणे आणि दस्ती लागते. ही पाचही वेगवेगळ्या भागांत ठेवली तर तो माणूस दुकानभर फिरेल, आणि वय झालेली माणसे फिरत नाहीत, गादीवर बसून मागतात. या एका प्रश्नाने माझा आराखडा मोडला नाही, पण त्याच्यावर दुसरा एक थर चढला. आमच्याकडचे गिऱ्हाईक कोणासाठी यापेक्षा कशासाठी हे आधी सांगते. लग्न आहे, बारसे आहे, महालक्ष्म्या आहेत, जावई जेवायला येणार आहे, लेकराची शाळा सुरू होते आहे. म्हणून रोजच्या वापराचे रेडिमेड माझ्या आराखड्याप्रमाणे मोकळ्या रॅकवर गेले आणि निमित्ताने घेतले जाणारे कपडे निमित्तांप्रमाणे वेगळे मांडले.

यातला सगळ्यात मोठा भाग बस्त्याचा. लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी मिळून येतात, जीपभर माणसे असतात, आणि नवरीच्या शालूपासून मानाच्या साड्यांपर्यंत सगळी खरेदी एकाच बैठकीत होते. त्यासाठी गादी ठेवावीच लागली. गादी काढून तिथे रॅक उभे करण्याची कल्पना मी स्वतःच सोडून दिली, कारण वीस बायका उभ्याने साड्या निवडत नाहीत. गादीमागच्या कप्प्यांत मात्र साड्यांचा क्रम बदलला. पूर्वी त्या आलेल्या गठ्ठ्यांप्रमाणे, म्हणजे सुरतेचा माल, इचलकरंजीचा माल, सोलापूरचा माल अशा ठेवलेल्या असत. आता प्रत्येक कप्प्याला कापड आणि किमतीचा टप्पा ठरला: डोळ्यांच्या उंचीवर काठपदराच्या मधल्या किमतीच्या साड्या, त्याखाली आहेराच्या, वर शालू आणि पैठण्या, आणि हाताशी इरकली व सुती लुगडी, कारण ती मागणाऱ्या आजीबाईंना थांबायला आवडत नाही. महालक्ष्म्यांच्या साड्यांचा वेगळा विचार करावा लागला. ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांना सारख्या साड्या नेसवायची पद्धत अनेक घरांत असल्यामुळे भाद्रपदाच्या आधी जोड मागितली जाते, आणि जोडीतली एक साडी श्रावणातच सुटी विकली गेली की दुसरी वर्षभर पडून राहते. म्हणून अशा साड्यांना आता एकाच दोऱ्यात बांधून एकच लेबल लावतो आणि सण झाल्यावरच त्या सोडवतो.

पैठणीचे लेबल हा माझ्या दृष्टीने प्रामाणिकपणाचा मुद्दा होता. पैठण आपल्याच भागातले, पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेले, आणि तरीही पैठणी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक साड्या यंत्रमागावरच्या असतात. आमच्याकडेही तशाच जास्त आहेत, कारण बस्त्याच्या खर्चात हातमागाची पैठणी क्वचितच बसते. फरक ओळखायला पदर उलटून पाहावा: हातमागावर विणलेली नक्षी मागच्या बाजूनेही जवळपास पुढच्यासारखीच दिसते, यंत्रमागावरच्या साडीच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. आम्ही लेबलावर ‘पैठणी नक्षी, यंत्रमाग’ असे स्पष्ट छापायचे ठरवले. असे लिहिले तर साडी विकली जाणार नाही, अशी अण्णांना शंका होती. प्रत्यक्षात बायकांना हा फरक आधीपासूनच माहीत होता, आणि लेबलावर तो लिहिलेला दिसल्यावर खऱ्या रेशमाच्या साडीवर असलेले सिल्क मार्कचे चिन्ह त्या जास्त विश्वासाने पाहू लागल्या.

रेडिमेडच्या रॅकवर काम वेगळ्या तऱ्हेचे असते. सगळ्या हँगरचे हूक एकाच दिशेला, माप डावीकडून उजवीकडे वाढत जाणारे, आणि एकाच मापात फिका रंग आधी, गडद नंतर. हे नियम ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण हूक उलटसुलट असले की घाईच्या वेळी एक शर्ट काढताना तीन खाली पडतात. शर्टाचे ३८, ४०, ४२ हे आकडे छातीचे इंच असतात आणि पँटचे २८, ३०, ३२ कमरेचे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. लेकरांच्या कपड्यांचे १८, २०, २२ हे आकडे मात्र कोणालाच कळत नाहीत. आई येते आणि सांगते, “पाच वर्षांचा हाय, पण अंगानं बारीक हाय.” प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा बसतो, म्हणून आम्ही टेप घेऊन प्रत्येक प्रकारातला एकेक कपडा मोजला आणि रॅकवर दोन मापांच्या मध्ये अडकवायच्या गोल चकत्यांवर आकड्याखाली वय आणि छाती-उंचीचे सेंटीमीटर लिहिले. वयाचा आकडा मोठ्या अक्षरांत ठेवला, कारण वाचला तोच जातो.

सेंटीमीटर लिहिण्याला कायद्याचेही कारण आहे. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याच्या, २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत २०२२ साली जी दुरुस्ती झाली, तिने सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना बऱ्याच तपशिलांतून सूट दिली. पण वस्तूचे नाव व माप, मापात एस, एम, एल यांच्या जोडीला मेट्रिक आकडा, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचे नाव-पत्ता व तक्रारीसाठीचा संपर्क एवढे असलेच पाहिजे. नावाजलेल्या कंपन्यांच्या मालावर हे असतेच. घाऊक बाजारातून येणाऱ्या बिननावाच्या मालाबाबत आम्ही व्यापाऱ्यांना सांगून ठेवले की या गोष्टी छापलेल्या नसतील तर गठ्ठा परत जाईल. आमचे लेबल त्यांच्या लेबलाशेजारी लागते, वर नाही, आणि आमची किंमत त्यावरच्या किमतीपेक्षा कमीच असते. करबदलाच्या वेळी सरकारने शिल्लक मालावर नव्या किमतीचे चिकटपत्र लावायला ३१ डिसेंबरपर्यंत मुभा दिली होती, पण त्यातही जुनी छापील किंमत झाकायची नाही अशी अट होती. त्या दिवसांत दोन किमती शेजारी शेजारी पाहून गिऱ्हाइकांनी कधी नव्हे ते जीएसटीवर आमच्याशी चर्चा केली.

लेबल छापण्याच्या यंत्राबद्दल थोडे सांगायला हवे, कारण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते महत्त्वाचे ठरते. शाई-रिबनशिवाय फक्त उष्णतेने उमटणारी लेबले स्वस्त पडतात. पण ती उन्हाने, उष्णतेने आणि काही प्लास्टिकच्या पिशव्यांच्या संपर्कानेही पुसट होतात. आमच्या दुकानाचे दार पश्चिमेला आहे, मे महिन्यात पारा बेचाळीसवर असतो आणि साडी कधी कधी दोन हंगाम कप्प्यात राहते, तेव्हा रिबनवर छापणारेच यंत्र घेतले. ज्या वस्तूंवर कंपनीचा ८९० ने सुरू होणारा बारकोड होता तोच वापरला. बाकीच्यांना दुकानाअंतर्गत वापरासाठी राखलेल्या, २ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांतून कोड दिले. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते आणि तो घडीवर आला तर वाचला जात नाही, म्हणून लेबलाचे माप ठरवताना आम्ही अक्षरे कमी केली, ती कोरी जागा नाही.

मग लेबल कपड्यावर कुठे लावायचे हा प्रश्न. टॅग गनची सुई शर्टाच्या बाजूच्या शिवणीतून किंवा कंपनीच्या कापडी पट्टीतूनच घालायची. बारीक होजिअरीच्या अंगात घातली तर तिथून जाळी सुटते. रेशमी साडीला सुई अजिबात लावायची नाही, चिकटपत्रही नाही, कारण डिंकाचा डाग जात नाही. तिला सुती दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चकती पुरते. जरीच्या साड्या प्लास्टिकमधून काढून मलमलीत ठेवल्या आणि त्यांच्या घड्या ठरावीक काळाने बदलायचे काम चाचांनी स्वतःकडे घेतले, कारण एकाच रेषेवर घडी राहिली की जर तिथेच तुटते. स्वेटर आणि विणलेले जाड कपडे हँगरला लावत नाही, खांदे लोंबतात. धोतर आणि लुगडी घडीतच शोभतात.

लेबलावर शेवटी काय आले? वर मोठ्या आकड्यांत किंमत, खाली वस्तूचे नाव मराठीत, माप, बारकोड, आणि उजव्या कोपऱ्यात कप्प्याचा क्रमांक. हा क्रमांक माझ्या मते सगळ्या बदलातला सर्वांत उपयोगी भाग आहे. बस्त्याच्या बैठकीत साठ-सत्तर साड्या गादीवर उलगडल्या जातात, त्यांतल्या पंधरा-वीस घेतल्या जातात आणि उरलेला ढीग पूर्वी रात्री फक्त चाचाच लावू शकत. आता नवीन लागलेला मुलगाही ‘क-४’ वाचून साडी तिच्या जागी ठेवतो. डाव्या कोपऱ्यात अण्णांच्या आग्रहाने ती जुनी अक्षरे राहिली. रेडिमेडला एकच भाव असला तरी बस्त्यात घासाघीस होतेच, ती व्हायलाही हवी, कारण लाखभर रुपये मोजणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसाला शेवटी आपल्या शब्दावर काही सुटल्याचे दिसावे लागते. ती अक्षरे वाचून अण्णा संगणकाकडे न पाहता भाव बोलतात.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन वाहून गेले, कापूस भिजला. दिवाळीला दरवर्षी दारात लावले जाणारे महागडे कपडे आम्ही मागे नेले आणि लेकरांचे साधे, टिकाऊ कपडे पुढे आणले. किंमत बाहेरूनच दिसत असल्यामुळे माणसे संकोच न करता आत येत होती, आणि खिशात असेल त्या हिशेबाने रॅकवरून स्वतःच कपडे निवडत होती. भाव विचारून न घेता परत जाणे खेड्यातल्या माणसाला फार जड जाते, आणि त्या दिवाळीत ती वेळ कोणावर आली नाही, याचे मला समाधान आहे. याच पावसात सर्वांत खालच्या कप्प्यांना ओल आली, म्हणून ते आता जमिनीपासून वीतभर वर उचलले आहेत.

रोजचे काम संपत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ४२ चा शर्ट ३६ मध्ये जातो, ट्रायल रूममधून चार कपडे उलटे बाहेर येतात, चकत्या लेकरे खेळायला नेतात. दुकान मिटवण्याआधी एक फेरी रॅकची आणि एक गादीमागच्या कप्प्यांची, एवढा नेम ठेवला आहे. मोबाइलवर माल दाखवा म्हणणारेही वाढले आहेत. लेबलावरच्या क्रमांकावरून साडी दोन मिनिटांत सापडते, तिचा फोटो जिंतूर किंवा पाथरीला जातो आणि होकार आला की ती बाजूला काढून ठेवली जाते.

सध्या तयारी सुरू आहे ती अधिक महिन्याची. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे, आणि धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून कपडे करायचे म्हणजे आमच्यासाठी ती लगीनसराईनंतरची दुसरी लगीनसराईच असते. जावयाचा शर्ट-पँटपीस किंवा कुर्ता, लेकीची साडी आणि नातवाचा ड्रेस असे संच एकत्र बांधून त्यांना एकच लेबल लावावे, असे माझे म्हणणे आहे. चाचांना ते पटलेले नाही. जावयाचे माप सासूला कधीच माहीत नसते, संच बांधला की बदलायला येणाऱ्यांची रांग लागेल, त्यापेक्षा पँटपीस आणि साडी एवढेच बांधा, असे ते म्हणतात. अण्णांनी दोन्ही तऱ्हेचे थोडे थोडे संच करून दाराजवळ ठेवायला सांगितले आहे, आणि त्यांच्यासाठी कप्प्याला कोणते अक्षर द्यायचे ते ठरवणे माझ्याकडे आहे.